दुपारचे पेशंट

आमच्या दवाखान्याच्या पाटीवर आम्हा दोघांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत आहेत. तरी सकाळी येणारा माणूस दारातूनच विचारतो, "सर आहेत ना?" आणि दुपारी येणारा आधी आत डोकावतो, "सर नाहीत ना?" हा फरक माझ्या ध्यानात यायला वर्ष लागलं. सिस्टरला तो माझ्याआधी कळला होता. सरांनी भरलेला दात ज्याचा निघाला, त्याला ती कुणाला न विचारता दुपारची वेळ द्यायची. दुपारी मी एकटी असते. सर घरी जेवून आडवे झालेले असतात.

सर म्हणजे माझा नवरा. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, तो माझ्यापुढे दोन वर्षं, म्हणून घरात अरे-तुरे चालतं. दवाखान्यात मात्र मीही त्याला सर म्हणते. त्याच्या हाताला गुण आहे, आणि हे मी बायको म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगते. अक्कलदाढ तो अशी काढतो की पेशंट विचारतो, "सुरू कधी करणार?" माझ्या एका दाढेचं मुळाचं काम त्यानेच केलंय. मी खुर्चीत चक्क झोपले होते.

अडचण पांढऱ्या सिमेंटची होती. पूर्वी आम्ही दातात चांदी भरायचो. चांदी ठोकून बसवली की खोबणीत अडकून राहायची, चिकटवायचा प्रश्नच नसायचा. मग लोकांना दातासारखं दिसणारं हवं झालं. ते चिकटवावं लागतं. दातावर निळं जेल लावायचं, पंधरा सेकंद. मग पाण्याने धुवायचं, हवेच्या नळीने वाळवायचं, चिकटद्रव लावून दिवा धरायचा, आणि वर सिमेंट. एवढ्या सगळ्यात तो एकाच ठिकाणी चुकत होता. वाळवण्यात.

कॉलेजात त्याला शिकवलं होतं, दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत वाळवा. दाताच्या वरच्या कवचाला ते लागूच पडतं. पण कवचाच्या आतला भाग वेगळा असतो. जेलने तिथे बारीक तंतूंची जाळी उघडी पडते. ओलसर असेपर्यंत ती जाळी उभी राहते आणि चिकटद्रव तिच्यात झिरपतो. फुंकून फुंकून कोरडी केली की ती आडवी पडते, मग चिकटद्रव वरच्या वर राहतो. दिसायला सगळं झकास. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कधी वर्षाने सिमेंट हातात येतं. आणि तोवर गार पाणी लागलं की कळ जाते ती वेगळीच.

हे मला नऊ वर्षांपूर्वी कळलं. दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे काढलेल्या दातांवर आमच्याकडून सिमेंट बसवून घेतलं आणि ते मशीनने ओढून दाखवलं. कोरड्या दातावरचं टिचकी मारल्यासारखं उडालं. ओलसर दातावरचं ओढताना सिमेंट राहिलं आणि दात फुटला. त्या संध्याकाळी घरी आले ती बूटही न काढता स्वयंपाकघरात गेले. तो चहा गाळत होता.

"आपण फार वाळवतो," मी म्हटलं. "थोडा ओला ठेवायला हवा. चकाकला पाहिजे, फक्त थेंब साचता कामा नये."

"ओल्या भिंतीला रंग बसतो का?"

"दात म्हणजे भिंत नाही."

"दोन दिवसांचं शिबिर," तो कप माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "आणि आमचं अर्धं आयुष्य."

महिन्याभराने मी पुन्हा विषय काढला. तेव्हा तो पेपर वाचत होता, आणि वाचतच राहिला. तिसऱ्यांदा मी खुर्चीशीच उभी होते. तो एका वयस्कर गृहस्थांची दाढ वाळवत होता, आणि मी हळूच म्हटलं, "बस झालं, राहू दे थोडा ओला." त्याने हवेची नळी माझ्या हातात दिली आणि पेशंटला म्हणाला, "काका, आज मॅडम आम्हाला शिकवणार आहेत." काका हसले. सिस्टरही हसली, नोकरी होती तिची. मी नळी जागेवर ठेवली. त्यानंतर मी सांगायचं सोडलं.

मग दुपारचे पेशंट सुरू झाले. ते निघालेला तुकडा कागदात बांधून आणायचे आणि जरा चोरट्यासारखे बसायचे. मी तुकडा उलटा करून पाहायची. मागची बाजू पुसल्यासारखी साफ. मग मी विचारायची, "काही कडक चावलंत का?"

गेल्या सहा महिन्यांत काही कडक चावलं नाही असा माणूस जगात नाही. पेशंट आठवायचे, त्यांना सापडायचं, ते ओशाळायचे. एक बाई तर स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बरी खोड मोडली माझी." मी मान डोलवायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय बोलणार? मग मी सगळं साफ करून, कापसाच्या ओल्या बोळ्याने टिपून, नीट बसवून द्यायची. ते टिकायचं. पेशंट गेला की त्याच्या कार्डामागे पेन्सिलीने एक ठिपका काढायची. तेव्हा कुणी विचारलं असतं तर नोंद म्हणून, असं सांगितलं असतं. खरं म्हणजे ठिपका काढताना मला बरं वाटायचं.

क्लॅरिनेटवाले आले ते सहा वर्षांपूर्वी. आले सकाळी, सरांकडेच. शहराच्या वाद्यवृंदात पहिल्या रांगेत वाजवायचे. सिस्टर त्यांना पाठीमागे पिपाणीवाले म्हणायची. कुणीतरी दार जोरात ढकललं आणि त्यांचा वरचा पुढचा दात अर्धा गेला होता. सरांनी तो असा बांधून दिला की आरशात त्यांनाच कळेना, तुटला होता कुठला. सात आठवड्यांनी तालमीत तो अर्धा दात गळून पडला. ते दुपारी आले.

मी तुकडा पाहिला. मागून नेहमीसारखाच साफ. ह्यांना कडक चावलंत का विचारून उपयोग नव्हता, पुढच्या दाताने कोण काय चावतं? म्हणून मी म्हटलं, "वाजवताना वरचे दात वाद्यावर टेकवता ना तुम्ही?"

"टेकवतो. टेकवावेच लागतात."

"जोर देता?"

त्यांनी विचार केला. प्रामाणिक माणूस. "देत असेन थोडा."

"तिथेच झालंय," मी म्हटलं.

एवढ्यात सर आत आले. चष्मा विसरला म्हणून उठून आले होते. क्लॅरिनेटवाल्यांना पाहून त्यांना जरा लागलं असावं, कारण ते काम त्यांच्या आवडीचं होतं. "तुम्ही? बसा बसा, मीच करतो," असं म्हणून हात धुवायला लागले. मी बाजूला झाले. हवेची नळी तेवढी माझ्याकडे होती. मी लवकर थांबवली तर नवऱ्याने न बोलता बोटाने खूण केली, अजून. मी अजून वाळवलं. दात पांढराफटक पडला तेव्हा त्याने मान हलवली. शेवटी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मॅडमनी सांगितलं ते लक्षात ठेवा. दाब कमी करा."

महिन्याने त्यांचा फोन आला. श्वास आत ओढला की दातातून कळ जाते म्हणाले. क्लॅरिनेट वाजवणारा माणूस दिवसातून हजार वेळा तोंडाने श्वास ओढतो.

"दाब कमी केलात का?" मी विचारलं.

"केला, मॅडम."

"अजून कमी करून बघा."

दुपारी या, असं मला म्हणता आलं असतं. पण ते सरांचे पेशंट झाले होते, मी हात घातला असता तर वाळवण्याचा विषय निघाला असता. म्हणून नाही म्हटलं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. मला वाटलं, थांबलं दुखायचं.

ते परत आले ते ह्या वर्षी, एका मंगळवारी दुपारी. बोलताना तोंडावर हात धरत होते. हात बाजूला केला तेव्हा दिसलं, तो दात राखेच्या रंगाचा झाला होता. सिमेंट जागेवर होतं, पण कडेने फट पडली होती, आतली नस कधीच मेली होती आणि वर हिरडीवर पुळी आली होती. मी इंजेक्शन दिलं, दात मागून उघडला, घाण बाहेर येऊ दिली, धुतलं, औषध ठेवलं आणि तात्पुरतं सिमेंट लावलं. दात वाचणार होता. अजून दोनदा यावं लागेल, असं सांगितलं.

"वाजवणं कसं चाललंय?" मी विचारलं. हात धुता धुता माणूस विचारतो तसं.

"सोडलं. चार वर्षं झाली." सुन्न ओठाने ते जरा बोबडं बोलत होते. "तुम्ही सांगितलंत म्हणून दाब कमी केला. मग सूर धरवेना. आधी मागच्या रांगेत बसवलं, मी काही बोललो नाही. मग एका कार्यक्रमात भर सभेत सूर फाटला. दुसऱ्या दिवशी मीच राजीनामा दिला, कुणी काढण्याआधी. आता वाद्यांच्या दुकानात असतो. बरं चाललंय." आणि मग म्हणाले, "पण तुमचे आभारच मानायला हवेत, मॅडम. वेळीच सांगितलंत. माझ्या जबड्यालाच खोड होती. नाहीतर दातही गेला असता."

मी नळ बंद केला. सिस्टरने आत डोकावून पाहिलं. मी तिला जा म्हटलं.

"तुमची चूक नव्हती," मी म्हणाले. "दात नीट चिकटवला गेला नव्हता. दोन्ही वेळा. जरुरीपेक्षा जास्त वाळवला होता, त्यामुळे सिमेंट धरलंच नाही. कळ यायची तीही त्यामुळेच."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे दाब कमी करायची गरज नव्हती?"

"नव्हती."

"थोडीसुद्धा?"

"नाही."

"सरांना माहीत नव्हतं?"

"त्यांना नव्हतं. मला होतं."

त्यांनी गळ्यात बांधलेला कागदी रुमाल स्वतःच सोडला आणि त्याची चौघडी घालून ट्रेवर ठेवली. "हे मला आज कशाला सांगितलंत?"

मी ट्रेवरचा रुमाल उचलून टोपलीत टाकला.

"इतकी वर्षं मी मनाला समजावलं, की दोष माझाच होता. सोपं नव्हतं ते. जमलं होतं पण." ते उठले. "आता मी काय करू, ते तरी सांगा."

ते गेल्यावर सिस्टर आत आली. "पुढची तारीख न घेताच गेले," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पहिला प्रश्न विचारला तो असा, "पेशंटला हे बोललीस तू? माझं नाव घेऊन?"

"दोघांचं."

"एका दातावरून काय सिद्ध होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी त्याच्यासमोर ठिपक्यांची कार्डं मांडली. त्रेचाळीस होती. त्याने एकेक उलटून पाहिलं, तारखा पाहिल्या. तो मूर्ख नाही. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मला त्याची कीव आली.

"तू पुन्हा बसवलेले किती निघाले?"

"दोन."

"ओले ठेवून?"

"ओलसर."

त्याने कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. "नऊ वर्षं तू हे बघत होतीस."

"तीनदा सांगितलं होतं."

"आणि मग सोडलंस. का सोडलंस? सोयीचं होतं तुला. मी सकाळी चुकायचं आणि तू दुपारी निस्तरायचं, आणि वर ठिपका. घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसायचीस तेव्हा मनातल्या मनात हसत असशील."

"हसत नव्हते," मी म्हणाले. तो म्हणाला त्यातलं एवढंच मी खोडून काढलं, आणि तेसुद्धा पूर्ण खरं नव्हतं. मला वाटलं होतं, तो ओरडेल, मग मी ओरडेन. तो आत गेला आणि पहिल्या पेशंटला हाक मारली.

पंधरा दिवस त्याने एकही दात भरला नाही. नजर दमते, असं सांगून सगळे माझ्याकडे पाठवायचा. मग एके दिवशी काढलेल्या दातांची बरणी घेऊन तो संध्याकाळी मागच्या खोलीत बसायला लागला. मला काही विचारलं नाही. मीही गेले नाही. आठ दिवसांनी बाहेर आला आणि सिस्टरला म्हणाला, ओले बोळे जरा जास्त करून ठेवत जा. महिन्याभरात त्याचं काम माझ्यापेक्षा सुबक व्हायला लागलं. हात मुळातच तसे. ह्याचाही मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

क्लॅरिनेटवाल्यांना मी तीन वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही. सिस्टरने तिच्या फोनवरून केला तेव्हा कामात आहे म्हणाले.

पाच महिन्यांनी शहरातल्या दंतवैद्यांच्या मासिक सभेत नवऱ्याचं भाषण होतं. विषय: दात किती वाळवावा. मी चौथ्या रांगेत बसले होते. पडद्यावर रंगीत खांब आले. कोरडे इतके निघाले, ओलसर ठेवलेले इतके टिकले. खाली लिहिलं होतं, त्रेचाळीस पेशंट, नऊ वर्षं. तो छान बोलला. ओल्या भिंतीला रंग बसत नाही असं आपल्याला वाटतं, पण दात म्हणजे भिंत नाही, असंही म्हणाला. लोक हसले. "आमच्या दवाखान्यात बरीच वर्षं आम्ही हे पाहत होतो," तो म्हणाला. 'आम्ही' म्हणाला, हे मान्य करायला हवं.

शेवटी एक तरुण डॉक्टरीण उठली. "सर, ज्यांचे निघाले त्या पेशंटना तुम्ही काय सांगितलंत?"

"जे खरं होतं ते," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. टाळ्या झाल्या. सगळ्यांबरोबर मीही वाजवल्या.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "तुझं नाव घ्यायला हवं होतं, असं वाटतंय का तुला?"

"नाही."

"घेतलं असतं. पण मग त्या त्रेचाळीस जणांना काय सांगितलं आणि कुणी सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं."

त्याने नीट विचार केलेला होता. त्यात चूक काढता येण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात सिग्नल लागला, आणि उद्या सकाळी किती पेशंट आहेत ते त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिस्टरला वेळा पुढे ढकलायला सांगितल्या आणि वाद्यांच्या दुकानात गेले. अरुंद, लांबलचक दुकान, भिंतीवर गिटार, काचेच्या कपाटात बासऱ्या आणि पितळी वाद्यं. क्लॅरिनेटवाले गल्ल्यामागच्या पायरीवर उभं राहून कपाट पुसत होते. मला पाहून खाली उतरले.

"मॅडम," ते म्हणाले. आता तोंडावर हात नव्हता. पुढचा दात पांढराशुभ्र होता, शेजारच्या दातांपेक्षा जरा जास्तच. काढता-घालता येणारा.

"काढून टाकलात?"

"टाकला. दुसरीकडे."

"तो वाचला असता. मी म्हटलं होतं तुम्हाला."

"हो, म्हणाला होतात." ते फडक्याची घडी करत होते. "रोज जीभ तिथेच जायची, मॅडम. घरी बसून मी तेवढंच करायचो. बायको म्हणाली, काढून तरी टाका एकदाचा."

"पुन्हा वाजवायचं म्हणाल तर..." मी सुरुवात केली. एक पक्का दात बसवता येईल, मी स्वतः करून देईन, असं ठरवून आले होते.

"त्याला ओठ लागतात. रोजच्या रोज वाजवून टिकवावे लागतात ते." त्यांनी खालचा ओठ दातांवर दुमडून दाखवला आणि सोडला. "हे आता नुसतं बोलायला आणि जेवायला."

तेवढ्यात एक बाई क्लॅरिनेट बघायला आली. पुतणीसाठी हवं होतं. त्यांनी कपाटातून पेटी काढली, तुकडे जोडले, तोंडाशी लागणारी वेताची पट्टी बांधली. हे सगळं त्यांनी न बघता केलं. बाई म्हणाली, "जरा वाजवून दाखवता?"

"दाखवतो की," असं म्हणून त्यांनी आतल्या माणसाला हाक मारली. एक बुटका गृहस्थ हात पुसत आला, त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि खालून वरपर्यंत सूर काढत गेला. मला त्यातलं काही कळत नाही. मला सगळं चांगलंच वाटलं. क्लॅरिनेटवाले मान जराशी कलती करून ऐकत होते.

"वरचा सूर दबतोय," ते बाईंना म्हणाले. "हे देत नाही. आतलं आणतो."

ते मागे गेले. बाई माझ्याकडे बघून हसली, प्रामाणिक माणूस आहे अशा अर्थाने. थोड्या वेळाने ते दुसरी पेटी घेऊन आले, ती बुटक्या गृहस्थाच्या हातात दिली, आणि मी अजून तिथेच उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्हाला काही दाखवू का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं आणि दुकानाबाहेर पडले.